ताईच्या हळदीची काळीकुट्ट फिल्म

आता हे कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? चहा ओता आधी. आणि मध्येच कोणी हसलं, तर मी उठून जाईन!

ताईचं लग्न ठरलं. तिच्या सासरच्या आत्याबाईंचा नायगावात मोठा हॉल. त्या म्हणाल्या, "पोरी, हळदीची फिल्म तू कर. रिसेप्शनला लावू. जमली तर हॉलचं व्हिडिओचं सगळं काम तुझं." कॉलेज संपून घरी बसलेली मी! आणखी काय पाहिजे?

गिरीजच्या आमच्या घरात पाहुणेच पाहुणे. एडिटिंगला जागा उरली एकच, वाडीत, केळींच्या कडेला, भर उन्हात. पण उन्हात लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिसतं काय? आपलंच घामेजलेलं तोंड! मग मी एक अ‍ॅप टाकलं. एचडीआर, म्हणजे जास्त झगझगीत व्हिडिओसाठी स्क्रीन जो जादा उजेड राखून ठेवते ना, तो हे अ‍ॅप साध्या व्हिडिओलाही देऊन टाकतं. लावलं मात्र, स्क्रीन पेटलीच!

संध्याकाळी घरात येऊन बसले. अ‍ॅप तसंच चालू. आता ताईच्या अंगची हळद चुन्यासारखी पांढरी! "शूटच फार उजेडात झालंय," म्हणत मी फिल्म काळी करत गेले, काळी करत गेले. अ‍ॅप आठवलं का? नाव नको!

बाबांनी त्यांच्या फोनवर पाहिली. "अगं, यात काहीच दिसत नाही."

"बाबा, मोतीबिंदू तपासून घ्या."

"हा काळा डाग कोण?"

"ताई आहे ती! सिनेमात असंच असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"असेल बाई," म्हणत ते केळीची पानं कापायला गेले.

रिसेप्शनला फिल्म सुरू झाली. पडद्यावर मिट्ट काळोख!

"दिवे बंद करा!" मी ओरडले. केले. काहीच नाही. "स्टेजचेपण!" नवरा-नवरी अंधारात बुडाले. जेवणाच्या रांगेत कोणीतरी जिलेबीवर रस्सा ओतला.

"आमची सून कुठाय?" आत्याबाई.

"ती काय, डावीकडे!"

"तो पाण्याचा पिंप आहे गं."

माझं डोकं फिरलं. प्रोजेक्टरवाल्याला नको नको ते बोलले. वर लॅपटॉप घेऊन स्टेजवर चढले, सगळ्या वऱ्हाडासमोर उंच धरला. "बघा! फिल्म कशी लख्ख आहे बघा!"

होतीच लख्ख. अख्खं वऱ्हाड "वा!" म्हणालं. आणि त्याच क्षणी बॅटरी कमी झाली म्हणून ते जादा उजेडाचं अ‍ॅप आपोआप बंद पडलं, आणि माझ्या हातातल्या स्क्रीनवरही तोच मिट्ट काळोख!

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. धरणी दुभंगेल तर बरं, पण ती कुठली ऐकते!

दिवे लागले. आत्याबाई हळूच जवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको पोरी. आवाज किती छान आलाय! तू रेडिओत का नाही बघत?"