लालमधल्या मुली

ती जीप अजूनही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. ते सगळं हळूहळू पुसट झालं. ही जीप मात्र झाली नाही. तिच्यात ना रक्त होतं, ना हत्यार. सात शाळकरी मुली होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक गाठोडं होतं. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ज्यांना शिक्षा व्हायला हवी होती त्यांना ती झाली नाही, आणि जिला झाली तिने गुन्हा केलेला नव्हता. अशा प्रकरणात नावं घेऊन काय करायचं?

तेव्हा मी आदिलाबाद जिल्ह्यात हायवेलगतच्या एका ठाण्यात सर्कल इन्स्पेक्टर होतो. संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी घेऊन, ड्युट्या वाटून मी फायलींवर सह्या करत बसलो होतो, तेवढ्यात आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. त्याचं हायवेवर पंक्चरचं दुकान होतं.

"साहेब, बाजारहत्नूरकडून एक जीप आली, हवा भराले थांबली हाय. आत समद्या पोरीच हायेत. अन् कोनी हसून नाई राह्यलं."

शेवटचं वाक्य ऐकून मी टोपी उचलली. लग्नाला किंवा जत्रेला निघालेल्या मुली गप्प बसत नाहीत, हे समजायला पोलीस असावं लागत नाही. पण ते ध्यानात ठेवून फोन करायला चांगला खबऱ्या लागतो.

गुडीहत्नूरच्या अलीकडे आम्ही जीप अडवली. ड्रायव्हरशेजारी एक मेस्त्री बसला होता. मेस्त्री म्हणजे इकडे मजूर पुरवणारा मुकादम. आधी म्हणाला, सगळ्या नात्यातल्या आहेत, देवाला चाललोय. मग म्हणाला, खम्ममकडे मिरची तोडायला. पंच बोलावून पंचनामा केला, जीप जप्त केली आणि मुलींना आमच्या महिला हवालदार बाईंच्या ताब्यात देऊन ठाण्यात आणलं.

प्रकरण मला सरळ वाटलं होतं. अल्पवयीन मुलींची वाहतूक, हातात आलेला मुकादम, साक्षीला पंच. पण चौकशीत एक गोष्ट खुपायला लागली. सात मुली सात गावांच्या. एकमेकींना ओळखतही नव्हत्या. पण सगळ्या दहावीतल्या आणि सगळ्यांची शाळा दिवाळीनंतरच सुटलेली. मग या नेमक्या मुली याला सापडल्या कशा? शाळेच्या कचेरीतल्या कुणीतरी याला नावं विकली असणार, असं मी मनाशी पक्कं केलं.

आरोपीवर ओरडलं की तो तोंड मिटून घेतो. त्याला चहा पाजून एकटा बसवून ठेवलं की तो स्वतःशीच हिशेब मांडायला लागतो, आणि मग बोलतो. मी तेच केलं.

"नावं कोणी दिली?" मी विचारलं.

"कोन देईल साहेब? अन् मले नाव कायले पाहिजे?" मेस्त्री म्हणाला. "मी भरदिवसा गावात जातो. शाळेच्या टायमाले जी पोरगी बोरिंगवर पानी भरून राह्यली, ती शाळेत नाई. मंग तिच्या घरी जाऊन बसतो. पयले हिंडाव लागे. आता गावागावात बोरिंगवर पोरी उभ्याच हायेत."

तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत तेवढं कळायला लागतं. पण मला ते पटवून घ्यायचं नव्हतं, कारण मग माझा गुन्हेगार हातातून जात होता.

तेवढ्यात हवालदार बाई दारात आल्या. मुलींना पोहे देऊन त्या त्यांच्यात बसल्या होत्या. "सर, जरा येता का? पोरी येगयेगळ्या गावच्या हायेत, पन समद्या एकच सांगून राह्यल्या."

मी गेलो. चटईवर मुली ओळीने बसल्या होत्या. कोपऱ्यातली एक अजून शाळेच्या गणवेशातच होती. गाठोडं तिने पोटाशी धरलं होतं. हवालदार बाईंनी तिला म्हटलं, "सांग वं माय, सरले सांग."

"सर, आमी लालमधल्या हाओत," ती म्हणाली.

"लाल म्हणजे?"

"कंप्युटरात असते ना सर. हिरवी पोरगी पास होते. पिवळी होते कदी, नाई कदी. लाल नाई होत."

"कोणी सांगितलं तुला?"

"हेडमास्तर सरनं माह्या बापाले बोलावलं. म्हने, पोरगी लाल दाखवून राह्यली, हिले औंदा परीक्षेले बसवू नका, शाळेचं नाव जाते. पुढच्या साली बसवू म्हने. घेऊन जा."

बाकीच्या सहाजणी माना हलवत होत्या. एकीच्या शाळेत लालवाल्यांना वेगळ्या ओळीत बसवत, एकीच्या शाळेत व्हरांड्यात. शाळा वेगळ्या, हेडमास्तर वेगळे, रंग एकच.

गणवेशातल्या मुलीने गाठोडं उघडलं. कपड्यांच्या दोन जोडांमध्ये गणिताचं पुस्तक होतं. परीक्षेच्या आधी परत आणून सोडतो, असं मेस्त्रीने तिला सांगितलं होतं म्हणे. "सर, मराठीत माह्येच मार्क वर्गात जास्त हायेत," ती म्हणाली. "गनित शिकवाले आमच्या शाळेत मास्तरच नाई. मंग मी काऊन लाल?"

"तुला परीक्षेला बसवतो," असं मी म्हणालो. वर्दीत असताना माणूस फार सहज शब्द देऊन टाकतो.

दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याकडे चौकशी केली, तेव्हा तो रंगांचा हिशेब बसवणारी अधिकारी स्वतःच ठाण्यात आली. तिशीचीही नसेल. आदिलाबादजवळच्या मावल्याची, आमच्या मराठी बौद्ध समाजातली. आजा लोकांच्या शेतात राबला, बाप मास्तर झाला, ही आकडेशास्त्र शिकून जिल्ह्याच्या कचेरीत आली. तिने मला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक मुलाचे सहामाहीचे गुण, हजेरी, मागच्या वर्षांचे निकाल असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. मग मार्चमध्ये कोण नापास होण्याची भीती आहे, ते आधीच कळतं.

"लाल रंग मीच दिला सर," ती म्हणाली. "डोळ्यात आधी तो भरतो म्हणून. या लेकरांकडे आधी पाहा, यांना जास्त शिकवा, असं मला सांगायचं होतं."

"मग असं कसं झालं?"

"दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर शाळा दाखवतात. जिथं लाल जास्त, त्या हेडमास्तरला उभं करतात. शाळेचा निकाल म्हणजे साधा भागाकार आहे सर. वर पास झालेले, खाली परीक्षेला बसलेले. वरचा आकडा वाढवायचा तर शिकवावं लागतं. खालचा कमी करायला नुसता दाखला हातात द्यायचा." तिने मुलींच्या खोलीकडे पाहिलं आणि पदराने तोंड दाबलं. "पोरं वाचावी म्हणून मी त्यांच्यावर खूण केली. त्यांनी खूण पाहून पोरं काढली."

मला नवल वाटलं नाही, हे जास्त वाईट. आमच्या खात्यातही हेच दुखणं आहे. फिर्याद लिहूनच घेतली नाही की त्या हद्दीत गुन्हा घडलेला नसतो, आणि अशा ठाण्याचं बैठकीत कौतुक होतं.

गणवेशातल्या मुलीच्या हेडमास्तरला बोलावलं तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. मला एक नालायक माणूस हवा होता. समोर आला तो स्वतःच्या पगारातून पोरांना वह्या घेऊन देणारा, निवृत्तीला टेकलेला मास्तर.

"मी तिले काढलं नाई साहेब, बापाले समजावलं," तो म्हणाला. "गनिताचा मास्तर बदलून गेला, त्याची जागा तशीच पडून हाय. अर्ज करकरून थकलो. त्या रिकाम्या खुर्चीले कोनता रंग हाय, हे इचारा ना त्या कंप्युटरले. मले भर बैठकीत लेकराएवढ्या साहेबानं उभं केलं. तुमी असते त काय केलं असतं?"

चोर पळतो म्हणून सापडतो. इथे सगळे आपापल्या खुर्चीत बसलेले होते आणि प्रत्येकाकडे खरं कारण होतं.

पुढे खटल्याचं जे व्हायचं तेच झालं. मुली चौदाच्या वरच्या, म्हणजे बालमजुरीचा कायदा लागत नव्हता. आईबापांनी जबाब दिले, आम्हीच राजीखुशीने पाठवलं. मेस्त्री जामिनावर सुटला आणि नंतर खटल्यातूनही सुटला. शाळांवर कुठलं कलम लावायचं, ते सरकारी वकिलांनाही सुचलं नाही. दाखले पालकांच्या अर्जावर दिलेले होते, कायद्यात चोख. सहा मुलींच्या घरच्यांनी त्यांना पुन्हा शाळेत घालायला नकार दिला. एकाने मला तोंडावर सांगितलं, "कंप्युटर खोटं बोलते काय साहेब? कायले पोरीले दोनदा नापास करता?"

राहिली ती गणवेशातली मुलगी. तिच्या बापाला मी अक्षरशः धमकावलं. त्या अधिकारी बाईंनी वरिष्ठांशी भांडून तिचं नाव पुन्हा शाळेत चढवलं. मी स्वतः तिला जीपमधून शाळेच्या दारात सोडलं. हवालदार बाई तिला कंपासपेटी घेऊन आल्या होत्या. मुलगी इतकी हसत होती की मला वाटलं, चला, एक तरी वाचली.

ती परीक्षेला बसली. सगळ्या विषयांत पास झाली आणि गणितात गेली. जाणारच होती. रंगाने आधीच सांगितलं होतं आणि मधल्या काळात मास्तर काही आला नव्हता.

आजूबाजूच्या शाळांनी शंभर टक्के निकालाचे फलक लावले. तिच्या गावच्या शाळेचे शंभर टक्के फक्त तिच्यामुळे हुकले. हेडमास्तरला निवृत्तीआधीच्या शेवटच्या बैठकीत पुन्हा उभं राहावं लागलं. गावात लोक तिला बोलू लागले, पोलीस आणून शाळेत घुसली अन् शाळेचं नाव घालवून आली. हवालदार बाई तिला भेटायला गेल्या, तर ती दाराआडून बाहेर आली नाही. आकड्यांच्या बाजूने पाहिलं तर त्या साली त्या शाळेचं नुकसान मी केलं, आणि मेस्त्रीने इतर सहा शाळांचा निकाल सुधारला.

मी निवृत्त झालो. अधिकारी बाईंनी लाल रंग काढून टाकावा म्हणून वर लिहिलं होतं. त्यांनाच दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्यात आलं. रंग राहिला.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतर निर्मलकडे जाताना गुडीहत्नूरपाशी चहाला थांबलो. मागून एक जीप येऊन उभी राहिली. पुढच्या सीटवरून एक तरुणी उतरली आणि सरळ माझ्याकडे आली.

"सर, वळखलं का?"

गणवेश नव्हता म्हणून ओळखायला एक क्षण लागला. मी विचारलं, "कुठं चाललीस?"

"मिरचीले. तिसरं साल हाय. आता मेस्त्री मलेच पोरी सांभाळाले देते."

"आणि परीक्षा? परत दिली नाहीस?"

ती हसली. तिला माझा राग यायला हवा होता, पण तो नव्हता. मला तेच सहन झालं नाही. "जाऊ द्या सर. आमच्या शाळेत आता लाल कोनीच नाई म्हनतेत. बोर्ड लावला, शंभर टक्के."

"गणिताचे मास्तर आले?"

"नाई ना."

मी जीपमध्ये पाहिलं. मागच्या फळीवर मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. तिच्यापेक्षा बऱ्याच लहान. एकीला विचारलं, "कितवीतून सुटलीस गं?"

"आठवी."

"आता रंग आठवीपासूनच देतेत सर," त्या मुलीऐवजी तीच म्हणाली, आणि चहाचे ग्लास आत पोचवू लागली.

आठवीची मुलगी म्हणजे चौदाच्या आतली, तिला बालमजुरीचा कायदा अजून लागू होता. मी बाजूला होऊन जुन्या ठाण्यात फोन केला. नवा इन्स्पेक्टर मला मानतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, गाडीचा नंबरही विचारला. मग म्हणाला, "सर, तुमच्या केसमधला मेस्त्रीही सुटलाच ना शेवटी? अन् आता महिनाअखेर आहे. आमच्या पेंडिंग केसेस पडद्यावर दाखवतात. आमचं ठाणं सध्या हिरव्यात आहे सर."

इतक्या वर्षांच्या नोकरीने मला गुन्हेगार ओळखायला शिकवलं. या एका प्रकरणाने शिकवलं की गुन्हेगार नसला तरी गुन्हा होतो, आणि तो मोजायला बसलेल्यांच्या हातूनच पुसला जातो. हे कळून उपयोग काय, ते मला अजून समजलेलं नाही.

जीप निघाली. तिने खिडकीतून हात हलवला. मागच्या फळीवर कोणी हसत नव्हतं.