ओट्यावरची दुसरी खुर्ची

दानिएल गेल्याची बातमी मला शुक्रवारी सकाळी कळली. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात, म्हणून फोनवर शांतावहिनींचा शब्द न् शब्द ऐकू आला. एरवी खिडकीखालच्या खडखडाटात मला दोनदा विचारावं लागलं असतं. “भाऊजी, हे उठत नाहीत,” एवढंच त्या म्हणाल्या. मी चपला पायात सरकवून निघालो आणि वाटेत माझ्या मनात पहिला विचार काय यावा… तर हा माणूस गेलासुद्धा कसा, सुट्टीच्या दिवशी, झोपेत, कोणाला तसदी न देता. मला त्याचा हेवा वाटला. मित्राच्या मरणाचाही हेवा करणारा मी माणूस आहे, हे वाचणाऱ्यांना आधीच ठाऊक असलेलं बरं.

दानिएल, म्हणजे दानू, आणि मी एकाच चाळीत वाढलो आणि चर्चचा पाळक होण्याच्या शिक्षणासाठी एकाच दिवशी मुलाखतीला गेलो. माझं पाठांतर चोख, आवाज खणखणीत, भाषा शुद्ध. पाळक का व्हायचं आहे, असं विचारल्यावर मी दहा मिनिटं बोललो. दानू म्हणाला, मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांनी त्याला घेतलं, आणि मी शाळेत मराठी शिकवायला लागलो. पुढे गावोगावच्या मंडळ्या सांभाळून तो आमच्याच भिवंडीच्या मंडळीचा पाळक होऊन आला. दर रविवारी दुसऱ्या बाकावर बसून मी त्याच्या उपदेशातल्या चुका मोजायचो. तो बोलता बोलता भरकटायचा, वचनाचा अर्थ अर्ध्यावर सोडून कुणाच्या तरी लेकीच्या बाळंतपणाचं सांगत बसायचा. तरी लोक डोळे पुसत बाहेर पडायचे. का, ते मला कधीच समजलं नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती.

पाळकाला रविवारी सुट्टी नसते, म्हणून दानूनं शुक्रवार विश्रांतीचा ठरवला होता. पण आमच्या मंडळीतले निम्मे लोक लूमवर, त्यांचीही सुट्टी शुक्रवारीच. मग काय, सकाळपासून पाळकगृहाच्या दारात चपलांचा ढीग. कुणाचं सासूशी भांडण, कुणाचा मुलगा दारू प्यायला लागलेला. दानू गार झालेला चहा समोर ठेवून ऐकत बसायचा. अशी बारा वर्षं गेली आणि एका रविवारी तो उपदेश करताना खाली कोसळला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, तीन महिने कामाचं नाव काढायचं नाही. मंडळीच्या पंचांनी कधी नव्हे ती एकमतानं रजा दिली. विश्रांतीसाठी त्यानं वज्रेश्वरी निवडली, एका पाटलांच्या घरची ओट्यालगतची खोली. देवीच्या गावात पाळकाचं काय काम, असं मी विचारलं, तर म्हणाला, “तिथं मला कोणी पाळकसाहेब म्हणणार नाही रे.” नवा कोरा मोबाइल त्यानं कपाटात ठेवून दिला. जागा सांगितली ती दोघांनाच, वहिनींना आणि मला. वहिनींना शाळेची नोकरी, त्या फक्त महिन्यातून एकदा जाणार होत्या. “तुला सांगून ठेवतो,” तो मला म्हणाला. मी मान डोलावली. मला वाटलं, काही बरंवाईट झालं तर कळवायला सांगतोय.

त्या तीन महिन्यांचे उपदेश माझ्याकडे आले. ज्या जागेसाठी मी आयुष्यभर मनात मांडे खाल्ले, ती अशी चालून आली. मी आठवडा आठवडा तयारी केली. खरं सांगतो, माझे उपदेश दानूपेक्षा कितीतरी बरे होते. लोक शांत बसून ऐकायचे, बाहेर पडताना हात मिळवायचे आणि हात सोडायच्या आत विचारायचे, पाळकसाहेबांची तब्येत कशी आहे? चौथ्या रविवारनंतर मी सरूबाईंकडे प्रार्थनेला गेलो. त्यांचा थोरला लेक घर सोडून गेला होता, म्हातारीनं चार दिवस अन्न घेतलं नव्हतं. मी मनापासून प्रार्थना केली. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, “सर, तुमी लई ग्वाड बोलता. पन पाळकसाहेब कवा यायचे?”

मी पत्ता सांगितला. वज्रेश्वरीला एसटीतून उतरा, देवळाच्या मागच्या अंगाला पाटलांचं घर विचारा… अगदी खुणांसकट. म्हातारीची दया आली म्हणून सांगितलं, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. ते खोटं होतं. मी इथं घाम गाळून मन लावून बोलायचं आणि त्यानं तिकडं गरम कुंडात पाय सोडून बसायचं, तरीही माणसं त्याचीच राहायची, हे मला सोसवत नव्हतं. त्याची विश्रांती मोडावी, असंच मला वाटत होतं.

ती मोडली. पुढच्याच शुक्रवारी सरूबाई सुनेला घेऊन गेल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी डबे बांधून पंधरा-सोळा जण एसटीत बसले. सहाव्या आठवड्यात दानू बॅग घेऊन परत आला. कोसळल्यापासूनची चेहऱ्यावरची सूज तशीच होती. बरं वाटतंय, म्हणाला, आणि रविवारी उभा राहिला. पंचांच्या बैठकीत पत्ता फुटल्याचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी शांतावहिनींकडे बघून बोललं, बायकांच्या पोटात काही राहत नाही. वहिनी खाली मान घालून चहाचे कप उचलत होत्या. दानू काही बोलला नाही. मी शेजारीच होतो, मीही मूग गिळून बसलो. त्यानंतर दानूनं पाच वर्षं एकही रजा मागितली नाही. पत्ता कुणी फोडला, हेही त्यानं मला कधी विचारलं नाही. न विचारण्याचाच मला राग यायचा, खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

मागच्या आठवड्यात पाळकगृहात सामानाची आवराआवर चालली होती. मी पुस्तकं बांधत होतो, तेवढ्यात वज्रेश्वरीचे ते पाटील समाचाराला आले. त्यांना बातमी उशिरा कळली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला निरखून पाहिलं.

“तुमीच का ते शालेतले मास्तर? साहेब दर शुकरवारी ओट्यावर दोन खुर्च्या मांडाया सांगायचे. बोलायचे, माझा दोस्त येनार हाय, त्याला जागा सांगून ठेवलीय. मंग एवरी मानसा यायला लागली तरी दुसरे खुर्चीवर कोनाला बसू न्हाय दिला.”

माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली. तुला सांगून ठेवतो… म्हणजे ये, असं म्हणत होता तो. सगळ्या गावापासून लपायला निघालेला माणूस एका मला जवळ बोलावत होता, आणि मी तो पत्ता लोकांत वाटून टाकला. पाटील गेल्यावर मी वहिनींना म्हणालो, “वहिनी, तो पत्ता मी सांगितला होता.” त्या चादरीची घडी घालत होत्या. घडी पूर्ण करून त्यांनी ती पेटीत ठेवली. “मला ठाऊक आहे, भाऊजी. दोघांनाच माहीत होता. मी सांगितला नव्हता.” मग पेटीचं झाकण लावत म्हणाल्या, “त्यांनाही ठाऊक होतं. मी बैठकीत बोलणार होते, तर म्हणाले, राहू दे, त्याला आयुष्यात पहिल्यांदा उपदेशाला उभं राहायला मिळालंय, त्यावर डाग नको.” त्या रडल्या नाहीत. पण पाच वर्षं तो बोल त्यांनी एकटीनं सोसला आहे. पंचांनी आणि मंडळीनं तो आता मागे घ्यावा, एवढ्यासाठीच हे सगळं नावानिशी लिहिलं आहे.

काल शुक्रवार होता. मी वज्रेश्वरीच्या एसटीत बसलो, देवळाच्या मागच्या अंगाला गेलो. पाटलांनी न सांगता दोन खुर्च्या मांडल्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, एकीचा हात तुटलेला. माझी कुठली, मी विचारलं. बिनतुटलेली, ते म्हणाले, साहेब तुटकीवर बसायचे. मी माझ्या खुर्चीवर बसलो. समोर भाताचं शेत, पलीकडं कुंडावरची गर्दी. तासभर मला कोणी काही विचारलं नाही. असं बसायला मिळावं म्हणून तो सहा आठवडे धडपडला, आणि त्यातली निम्मी जागा त्यानं माझ्यासाठी राखून ठेवली होती. ऊन उतरल्यावर पाटील शेजारची खुर्ची उचलायला आले. राहू द्या जरा, मी म्हणालो, शेवटच्या एसटीला अजून वेळ आहे.