रुळांच्या बाजूची गुढी

आज सकाळी कडुलिंबाची पानं वाटताना तो कडवट वास नाकात शिरला आणि मी थेट हिंडन नदीकाठच्या आमच्या तेव्हाच्या नव्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन पोचले.

बाबा निवृत्त झाले, राजधानीतलं, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही गाझियाबादला, रेल्वेच्या रुळांना लागूनच राहायला आलो. सगळीकडे विटांचे ढीग, सळया आणि ओलं सिमेंट. "हे काय गाव आहे? हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही," आई रोज म्हणायची. क्वार्टरमधल्या मराठी शेजारणींसाठी तिचा जीव तुटायचा.

त्या पाडव्याला तिथे साखरेची गाठी कुठली मिळणार? आईने बत्तासेच दोऱ्यात ओवले, तेही धुसफुसत. बाबांनी गच्चीच्या कठड्याला गुढी बांधली आणि तेवढ्यात नदीवरच्या पुलाआधीच्या सिग्नलला हरिद्वारहून मुंबईला निघालेली गाडी थांबली. दारात उभ्या असलेल्या नऊवारीतल्या एका बाईंनी गुढी पाहून हात जोडले आणि ओरडून विचारलं, "अहो ताई, हे कुठलं गाव हो?"

बाबा सांगायला पुढे झाले. पण आईच कठड्यावरून वाकून ओरडली, "आमचं!"

तेव्हा मला हसू आलं. त्या बिचाऱ्या बाईंना गावाचं नाव काही कळलंच नाही.

आता आमच्या आणि रुळांच्या मधे टॉवर उभे राहिलेत, गाडी नुसती ऐकू येते. "मम्मी, सामने लगाओ ना यार," मुलगा म्हणतो. मी मात्र गुढी मागच्याच बाल्कनीत, रुळांच्या बाजूला बांधते. कोणी विचारलंच, तर उत्तर तयार आहे.