तसंच छापून दे

प्रिंटरमधून कागद गरमागरम बाहेर आला की जळका वास येतो आणि मला स्वतःच्या वाडीचा इतिहास लिहिणारे गुरुजी आठवतात. चिपवाल्या आणि सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांनी मिळून काढलेला नवा प्रोसेसर तेव्हा नुकताच आला होता, आणि रत्नागिरीच्या आमच्या दुकानातला तसला पहिला लॅपटॉप मी त्यांनाच विकला. "माझं जुनं लिखाण ह्यात उघडेल ना रे?" त्यांनी विचारलं. "सगळं उघडतं, गुरुजी," मी न तपासताच म्हणालो, फाइली नव्यात टाकल्या आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. दुसऱ्या दिवशी ते परत आले. त्यांचं मराठी टायपिंगचं जुनाट सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरवर चालत नव्हतं, ते बनवणारे कधीच धंदा गुंडाळून गेले होते, आणि त्याच्याशिवाय फाइलीत नुसते चौकोन दिसत होते. ते त्या जुन्या कॉम्प्युटरलाच बांधलेलं, दुसऱ्या कशावर उघडायचंच नाही, म्हणून मी भंगारवाल्याकडे धावलो, पण त्याने जुन्या डब्याचे तुकडे केले होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या ज्या म्हाताऱ्यांनी गुरुजींना वाडीचं सगळं सांगितलं, त्यांतलं कुणी उरलं नव्हतं. गुरुजी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले. "ह्यात आमची वाडी कुठाय?" मग हळूच म्हणाले, "तसंच छापून दे. किती लिहिलं होतं ते तरी हाताला लागेल." मी सगळे चौकोन छापले. गेल्या महिन्यात गुरुजी वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो, तर फोटोपुढे तोच गठ्ठा होता. एक आजी त्यावर फूल ठेवून नातीला सांगत होती, "माझ्या आयशीचं नाव हाय ह्यात," आणि माझ्याकडे बघून तिने विचारलं, "हाय ना रे?" मी मान डोलावली.