वीस मिनिटांचा मंगळ

पाडव्याला नव्या पंचांगाला हळदकुंकू वाहिलं, की त्या वासासरशी पंचवटीतल्या गुरुजींची माडी आठवते. माझ्या पत्रिकेतला मंगळ लपवायला जन्मवेळ वीस मिनिटं पुढची सांगायची, असं घरी ठरलं होतं. पत्रिका जुळवायला मुलाचे आईवडीलही समोर बसले होते. गुरुजींनी पेन उघडून विचारलं, "जन्मवेळ?" बाबा म्हणाले, "सकाळी सहा पस्तीस." मी म्हणाले, "सहा पंधरा." आईची नखं माझ्या दंडात रुतली. "हिला काय माहीत!" बाबा उसनं हसले. गुरुजींनी आईकडे पाहिलं. ती सतरंजीकडेच बघत राहिली. "सहा पंधराच लिहा," मी पुन्हा म्हणाले. मुलाची आई पदर सावरत उठली. आता दर वाढदिवसाला सकाळी आईचा फोन येतो, बरोबर सहा पंधराला.