गळकी मोटार आणि बहिणीची हळद

घरात मोटार असली की किस्से शोधायला जावं लागत नाही बाई, आपोआप गळतात. पुसायचे मात्र बाईमाणसानंच!

त्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, चांदूर रेल्वेला. आमचा भाजीचा मळा अमरावतीला. रेल्वेनं निघालं तर दिवस मावळायच्या आत माहेर! पण आमच्या ह्यांनी जुनी मोटार घेतलेली.

"सासुरवाडीले रेल्वेनं काहून जाऊ? मोटार काय कोंबड्या बसवाले घेतली?"

अन् इंजिनातून ऑइल गळत होतं. महायुद्धाच्या लढाईपायी बाजारात इंजिनाच्या फटीत बसवायचं पॅकिंग मिळेना. मी एकटी जाते म्हटलं, तर "लोक काय म्हणतीन?"

*

एका सकाळी हे काकडत उठले, मोटारीखाली वाकले अन् नाचायलाच लागले. "थेंब नाही! बंद झाली!"

मी पेटी भरली. इंजिन सुरू करून तापू दिलं, तर खाली हे एवढं तळं! थंडीनं तेल घट्ट झालं होतं, दुसरं काही नाही. भरलेली पेटी पुन्हा उपसली.

*

माझे दीर, नामदेवभावजी, ह्यांच्याहून हुशार. त्यांनी फटीत माझा वासाचा साबण कोंबला. तो वितळून गेला अन् तेल होतं तसंच.

"वहिनी, गळते तं गळते, पण वास पाहा कसा सुटला!"

*

मग थंडीनं इंजिन स्टार्टच होईना, म्हणून भावाभावांनी खाली शेकोटी केली. तेल गळणाऱ्या इंजिनाखाली! भक्कन जाळ झाला. मी टोपलंभर माती फेकली, तर हे माझ्यावरच खेकसले.

"माती काहून टाकली? इंजिनात गेली असती मंग!"

मोटार जळाली असती त्याचं काहीच नाही! कपाळावर हात मारून घेतला मी.

*

हळद उद्यावर आली तेव्हा मी रडलेच. "चुलीत घाला ती मोटार! माझी बहीण काय दर वर्षी हळदीले बसते?"

दोघं भाऊ गुपचूप जाड पुठ्ठा शोधायला लागले. दुपारी सासूबाईंनी किंकाळी फोडली. भिंतीवरचा वारलेल्या मामंजींचा फोटो गायब! फोटो पार उडालेला, चेहराही दिसत नव्हता, पण ज्यावर चिकटवला होता तो पुठ्ठा मजबूत. ह्यांनी फोटोसकट कापून त्याचं पॅकिंग केलं होतं.

सासूबाई रात्री जेवल्या नाहीत. मामंजींचा तेवढा एकच फोटो होता.

सकाळी मोटार स्टार्ट झाली. इंजिन तापलं, तरी एक थेंब गळला नाही. मी पेटी मांडीवर घेऊन बसले, तोच सासूबाई बाहेर आल्या. ह्यांनी मान खाली घातली. गेली माझी हळद, मी मनात म्हटलं.

सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. अंगावरची घोंगडी काढून बोनेटवर नीट पांघरली.

"हळू चालव रे," त्या लेकाला म्हणाल्या, "त्याइले थंडी सोसत नोती."