हिराजीदादांचे कान आणि माझा शेरा

ठाण्याहून खाडीकाठच्या एका गावापर्यंतचा प्रवास मी दोनदा केला आणि त्याविषयी आजवर कुठे बोललो नाही. घरी कुणी विचारले तर ‘कचेरीचे काम होते’ एवढे सांगून मी विषय बदलत आलो. प्रवासाच्या इतर हकिकती मी चवीने लिहिल्या, ही मात्र टाळली. आता वय झाले आहे. ज्यांची भीती वाटायची ते साहेबही राहिले नाहीत. गावाचे आणि कारखान्याचे नाव लिहीत नाही. चूक माझी होती, त्यांची नव्हे.

ऐंशीचे दशक सरत आले होते. भोपाळनंतर रसायनांच्या कारखान्यांभोवती धोक्याचे भोंगे बसवण्याचे काम निघाले आणि ते आमच्या कचेरीकडे आले. आमचे साहेब अणुवीज केंद्राभोवतीच्या गावांत भोंग्याची चाचणी कशी घेतात ते पाहून आले होते. तीच रीत त्यांनी आम्हाला शिकवली. ठरल्या वेळी भोंगा वाजवायचा आणि त्याआधी गावोगाव एकेक माणूस नेऊन बसवायचा. त्याने फक्त ऐकायचे. हातात एक पत्रक, त्यावर तीन रकाने : स्पष्ट ऐकू आला, अस्पष्ट ऐकू आला, ऐकू आला नाही. खाली गावातल्या एका साक्षीदाराची सही.

“भोंगा कारखान्यासाठी नसतो,” साहेब म्हणायचे. “तो शेवटच्या घरासाठी असतो. जिथे ऐकू येणार नाही, त्या गावाला स्वतंत्र भोंगा द्यायचा.”

मार्चमधल्या एका सकाळी जीप मला वर्तकनगरच्या नाक्यावर घ्यायला आली. आम्ही चौघे ऐकणारे होतो. शिळफाट्याच्या रस्त्याने डोंबिवली गाठली. एकाला ठाकुर्लीला उतरवले, दोघांना वाटेतल्या वाड्यांवर. खाडीकाठचे गाव सर्वांत लांबचे, ते माझ्या वाट्याला आले. जीप बांधापर्यंत गेली. पुढे मैलभर खाजणातून (भरतीचे पाणी शिरते त्या खारट जमिनीतून) पायवाट होती. दोन्ही बाजूंना पांढरी पडलेली माती, मधूनच तिवरांची झुडपे आणि चिखलात उड्या मारणारे निवटे मासे. एका ठिकाणी माझी चप्पल चिखलात रुतली, ती काढताना मी गुडघ्यापर्यंत भरलो. गावात शिरलो तो एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन.

धक्क्यावर एक चाळिशीचा काटक माणूस होडीत साचलेले पाणी उपसत होता. त्याने माझ्या पायाकडे पाहिले.

“खाजनाने पास केला तुमाला,” तो म्हणाला. “या, पाय धुवा.”

हे हिराजीदादा. गावची तर (माणसे पैलतीरी पोचवणारी होडी) त्यांच्याकडे होती. ग्रामपंचायत दर वर्षी तरीचा ठेका देई आणि तो त्यांच्या वडलांपासून त्यांच्या घरात होता. सरपंचांनी साक्षीदार म्हणून त्यांचेच नाव सांगितले होते. मी काम समजावून सांगितले. ते ऐकत राहिले आणि मग हसले.

“नुसता आयकायचा पगार देतान तुमाला?”

“हो.”

“मंग माजा लय थकला असल. मी जल्मभर आयकतंय. पलीकरशी हाक आली का होरी सोरायची, हाच माजा धंदा.”

पलीकडचा किनारा, भिवंडीच्या बाजूचा, बराच लांब होता. तिथे उभी असलेली माणसे मला काड्यांसारखी दिसत होती. तिथून कुणी ‘तर ओ’ म्हणून हाक दिली की इकडून होडी निघायची. मला ती हाक एकदाही ऐकू आली नाही. हिराजीदादा मात्र बोलता बोलता उठायचे, “दोन बाया नि एक पोर हाय,” म्हणायचे आणि वल्हे उचलायचे.

भोंगा तीनला वाजायचा होता. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई म्हणाल्या, “उपाशी पोटी काय आयकू येतं? जेवा पयले.” निवट्यांचे तिखट कालवण, तांदळाची भाकरी आणि वर भात. असे जेवण मी फार दिवसांत जेवलो नव्हतो. नको म्हणेपर्यंत त्या वाढत राहिल्या. जेवून मी ओटीवर बसलो. घड्याळ काढून समोर ठेवले. पावणेतीन झाले होते. खाडीवरून गार वारा येत होता. खांबाला पाठ टेकली, एवढेच मला आठवते.

जाग आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. हिराजीदादा समोरच बसून जाळे विणत होते.

“वाजला का?” मी दचकून विचारले.

“नाय.”

“नक्की?”

“मी हतंच बसलोय. बगला उडाला तो आयकला. भोंगा नाय आयकला.”

“मग मला उठवलं का नाही?”

“वाजला असता तं उठवला असता,” ते शांतपणे म्हणाले. मग त्यांनी हात वर करून वारा दाखवला. “दोपारचा वारा खाडीवरशी जातं तिकरं. तुमचा भोंगा तिकरं. आवाज कसा येल? पाटंचा वाजवा. थंडीत पाटंचा वारा तिकरशी येतं. आनि तुमचा तो गॅस येल तं तवाच येल.”

वर्षभरात भोंग्यांविषयी मी जे ऐकले होते, त्यात इतके शहाणपणाचे कुणी बोलले नव्हते. मी मान डोलावली. त्यांनी ‘ऐकू आला नाही’ या रकान्याखाली सावकाश, नीट अक्षरांत सही केली. चांगुणाबाईंनी एका कागदात सुके बोंबील बांधून दिले.

बांधावर जीप उभी होती. बाकीचे तिघे आधीच बसले होते आणि त्यांच्याकडे भोंगा स्पष्ट आला होता. भोंगा वाजवून साहेबही कारखान्याहून येऊन पुढे बसले होते, त्यांनी माझे पत्रक पाहिले.

“सगळीकडे आला, तुझ्याकडेच नाही? झोपला होतास की काय?”

जीपमधले सगळे हसले. साहेबांनी गंमतच केली होती. मी मात्र ती खरी धरली. बढतीची यादी त्याच महिन्यात निघणार होती.

“नाही साहेब, मला आला. थोडा अस्पष्ट. तो साक्षीदार… त्याला जरा कमी ऐकू येतं.”

“मग तसा शेरा मार.”

मी गुडघ्यावर पत्रक ठेवून लिहिले : ‘साक्षीदारास कमी ऐकू येते.’ जीप हलत होती, तरी अक्षर चांगले आले.

त्या एका ओळीवर गावाचा भोंगा रद्द झाला. गावाने अर्ज केला तेव्हा कचेरीने माझे नाव न घेता त्या शेऱ्याचा हवाला देऊन उत्तर पाठवले आणि ते ग्रामसभेत वाचले गेले. हे मला पुढच्या वर्षी कळले, सरपंच काही कामाने आमच्या कचेरीत आले तेव्हा. चहा पिता पिता ते म्हणाले, “आमच्या हिराजीला तुम्ही बहिरा ठरवलात. पोरं त्याला चिडवायला लागली. मग लोक म्हणाले, बहिऱ्याच्या हातात तर कशी द्यायची? पलीकडे बाळंतीण अडली तर? ठेका दुसऱ्याला गेला.”

“मग ते काय करतात आता?” मी विचारले.

“दुसऱ्याच्या जाळ्यावर जातो मजुरीने.”

माझ्या हातात कप होता. सांगायला ती वेळ चांगली होती. मी आणखी साखर मागवली.

त्यानंतर काही वर्षे मी वर्तमानपत्र उघडताना आधी आमच्या भागातली अपघाताची बातमी शोधायचो. त्या गावाचे नाव नाही असे पाहून मगच पुढचे वाचायचो. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात ते नाव आले. कारखान्यातून पहाटे वायू गळला होता आणि वारा खाडीकडे होता. पुढची ओळ वाचायला मला बळ गोळा करावे लागले. कुणालाही इजा झालेली नव्हती. गाव आधीच होड्यांतून बाहेर पडले होते.

त्या रविवारी मी निघालो. या वेळी ठाण्याहून भिवंडीला गेलो, तिथून एस.टी.ने आणि पुढे चालत पलीकडच्या किनाऱ्यावर आलो. मुद्दामच तसा गेलो. गावात शिरून घर विचारायचे धाडस नव्हते. सकाळचे ऊन पाण्यावर पसरले होते. पैलतीरी धक्का पुसट दिसत होता. मी ‘तर ओ’ म्हटले. माझा आवाज मुळात बारीक. हाक शेजारच्या माणसालाही जेमतेम ऐकू गेली असती. दुसऱ्यांदा हाक द्यायला मी श्वास घेतला, तोवर पलीकडून होडी सुटली होती.

वल्ह्यावर हिराजीदादाच होते. केस पिकले होते. होडी टेकवता टेकवता ते म्हणाले, “हाक आयकली तवाच बोललो, ये तं आपलं भोंगावालं साहेब. चपला हायेत ना दोनी?”

मी होडीत बसलो. मला काही विचारावे लागले नाही, तेच सांगत गेले. पहाटे ते जाळे घेऊन निघाले होते, तेव्हा वाऱ्याबरोबर भोंग्याचा बारीक आवाज आला. दुसऱ्या कुणालाच तो येत नव्हता. त्यांनी घरोघर दारे वाजवली.

“एक पोरगा बोलला, बहिऱ्याला भोंगा आयकू आला. सगली हसली. मंग चांगुना बोलली, हसा, पन होरीत बसून हसा.” ते स्वतःच हसले. “वाऱ्यासंगती नाय, वाऱ्याच्या आरवं, खाडीने वर नेलं सगल्यांना. मंग मागं वास आला. डोलं चुरचुरलं नुसतं. दुसरं काय नाय.”

“आणि तर? ती परत तुमच्याकडे कशी?”

“त्याच हप्त्यात सभा घेतली. दिली परत.”

पाच वर्षे छातीवर बसलेले ओझे त्या होडीत निम्म्याहून अधिक उतरले. मला रडू येईल असे वाटले म्हणून मी हात पाण्यात घातला आणि तोंडावर पाणी मारले. खारट लागले. आता सांगायचे, असे ठरवून मी तोंड उघडले, तेवढ्यात ते म्हणाले :

“तुमचा काय दोस नाय त्यात. तुमच्यासमोरच मी सही केली, ‘आयकला नाय’ म्हनून. वरच्या कोनी साहेबाने लिवला असल. त्याला काय ठावं, तो कंदी हतं आलाच नाय.”

मी होडीत साचलेले पाणी उपसायला घेतले. होडी धक्क्याला लागली. चांगुणाबाईंनी लांबूनच विचारले, “साहेब, आज जेवून झोपनार, का झोपून जेवनार?” त्या दिवशीही मी पोटभर जेवलो. लाज वाटत होती, तरी जेवलो.

परतताना संध्याकाळच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. मन हलके झाले होते, हे नाकारत नाही. गाव जिवंत होते, तरीचे वल्हे हिराजीदादांच्या हाती होते, आणि निवट्यांचे कालवण पहिल्याइतकेच तिखट होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्या गावाला स्वतंत्र भोंगा द्यावा अशी टिप्पणी लिहिली. ती मंजूर झाली, खांब उभा राहिला आणि पहिली चाचणी पहाटे घेतली गेली. टिप्पणी लिहिताना जुने पत्रक समोरच होते. ती ओळ खोडून खाली खरे लिहायला एक मिनिट पुरले असते. मी फाईल बांधून ठेवली.

हिराजीदादा गेल्याचे मला सरपंचांच्या मुलाकडून उशिरा कळले. म्हणून होडीत तोंडाशी आलेले तेवढे इथे लिहितो. हिराजीदादा, वरच्या साहेबाने काही लिहिले नाही. मी झोपलो होतो, तेच लपवायचे होते. तुमचे कान चांगले होते, हे मला त्याच दिवशी ठाऊक होते, आणि तरी ती ओळ मी लिहिली. मला माफ करा.